साडूच्या बागेत नसलेली झाडं

“भाऊजींचा हातगुणच चांगला,” बायको म्हणाली, आणि काट्यावाल्याचा चहा तिथेच कडू झाला.

तसं पाहिलं तर वाक्य साधं होतं. हातात एक लाल कर्दळीचं फूल होतं, ते तिने पाण्याच्या पेल्यात ठेवलं, पेला खिडकीत ठेवला आणि सहज बोलून गेली. पण काही वाक्यं माणसाच्या पोटात जाऊन बसतात आणि तिथेच घर करतात. ह्या वाक्याने काट्यावाल्याच्या पोटात नुसतं घरच केलं नाही, वर माडीही चढवली.

काटेवाला म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारा. चौतीस वर्षं त्याने एका अरुंद दुकानात बसून तराजू, वजनं आणि गोदामातले मोठे काटे नीट केले. काटा शून्यावर आला की नाही हे तो नुसत्या नजरेने सांगायचा. वजन कमी भरलं तर त्याच्या बुडातल्या भोकात कणभर शिसं ओतायचा, जास्त भरलं तर कणभर खरवडायचा. पुढे बटणांचे काटे आले, दुकान बंद झालं, पण सवय कुठे जाते? घरी चहाची पूड तोलून, पाणी मापून. दोन पेल्यांत चहा ओतला की डोळे बारीक करून पातळी बघणार. बायको म्हणायची, “अहो, प्या आता, त्यावर शिक्का मारायचाय का?”

आणि मापायची सवय नुसत्या चहावर थांबली असती तर ठीक होतं. हा माणूस सगळ्यांना सगळ्यांशी तोलायचा. त्यातही एका पारड्यात कायम तो स्वतः आणि दुसऱ्यात त्याचा साडू. लग्न झाल्या दिवसापासून.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गाडी शिकवायची शाळा चालवायचा. मोठ्याने हसणार, कुठलीही गोष्ट अर्धी करून विसरणार, शर्टाचं एक बटण नेहमी तुटलेलं. सासरच्या घरी आधी जावई झाला तो साडू, त्यामुळे मानही आधी त्याला. काटेवाला वेळेवर पोचायचा, साडू तासभर उशिरा, आणि तरी सगळे दारात उभे राहून वाट बघायचे ती साडूची! काट्यावाल्याने ह्या सगळ्याची मनात नोंद ठेवली होती. तीस वर्षांची.

आता घडलं होतं असं. बायकोच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. घरातल्या घरात वॉकर घेऊन चालायचं म्हणजे खोलीतून स्वयंपाकघरात आठ पावलं आणि परत आठ. भिंती बघून बघून तिला वीट आला. घराच्या बाजूला अंगण होतं, चांगलं लांबरुंद. दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर अठ्ठावीस वर्षं काढल्यावर हे बैठं घर घेतलं, तेव्हा काट्यावाल्याने तिला बाग करून देईन म्हणून सांगितलंही होतं. पण अंगणातली माती बघाल तर चिकण. ओली असली की चपलेला अशी चिकटायची की दहा पावलांत चप्पल वीट होऊन जाई. सुकली की दगड, आणि कंगवा आडवा जाईल एवढ्या भेगा. “बघू पुढच्या वर्षी,” म्हणत म्हणत दोन वर्षं गेली.

साडूचं घर दोन गल्ल्या सोडून. माती तीच, तसूभर फरक नाही. आणि तिथे बाग अशी की रस्त्याने जाणारा थांबून बघेल. रोज चार वाजता साडूची ती शिकाऊ गाडी धक्के खात दाराशी यायची. चालवायला कुणीतरी घाबरीघुबरी शिकाऊ बाई, शेजारी साडू, आणि तो हॉर्न वाजवून ओरडायचा, “चला मेहुणीबाई, बागेत!” बायको वॉकर टेकत निघायची. सहाला परत यायची ती गाल लाल, हसून हसून डोळ्यांत पाणी, हातात फूल.

“एवढं काय हसता तिकडे?” काट्यावाल्याने एकदा विचारलं.

“काही नाही हो, असंच.”

असंच! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि त्या हातगुणाच्या वाक्यामागोमाग बायको म्हणाली, “ताई म्हणते, तिकडेच राहायला ये. दोन-तीन महिने. सकाळ-संध्याकाळ बागेत चालणं होईल, पाय लवकर सुटेल.”

काट्यावाल्याने पेला खाली ठेवला. दोन-तीन महिने त्याची बायको साडूच्या घरी राहणार, साडूची फुलं बघणार, साडूच्या विनोदांना हसणार, आणि हा इथे एकटा चहा मापत बसणार.

“एक महिना दे मला,” तो म्हणाला. “अंगणात बाग करून दाखवतो. नाही झाली तर जा खुशाल.”

बायकोने मान डोलावली. “बरं,” म्हणाली. “तीस दिवस. पण मग अडवायचं नाही हं.”

दुसऱ्याच दिवशी काटेवाला साडूच्या घरावरून चार चकरा मारून आला. फाटकाबाहेर उभं राहून, वही हातात घेऊन, त्याने बागेतल्या एकूण एक झाडाचं नाव लिहून काढलं. कर्दळ, जास्वंद, कण्हेर, लिली, डाळिंब, पेरू... चौदा नावं. तुम्हाला वाटेल, शहाणा माणूस, नक्कल करायला निघाला. छे! साडूची नक्कल करायची वेळ आली असती तर त्याने अंगणात फरशी घातली असती. ही यादी वेगळ्याच कामाची होती.

ती घेऊन तो रोपवाटिकेत गेला. रोपवाली बाई गुडघ्यापर्यंत मातीने माखलेली, कानाला पेन्सिल लावलेली. तिने यादी वाचली आणि तिचा चेहराच खुलला.

“चिकणमाती आहे ना तुमच्याकडे? नाव न् नाव बरोबर निवडलंय हो! कुणी करून दिली?”

“ही न्यायची यादी नाही,” काटेवाला म्हणाला. “ह्यातलं एकही झाड मला नको. हे सोडून जे असेल ते दाखवा.”

बाईने पेन्सिल कानावरून काढली, परत लावली. “अहो पण माती चिकण असेल तर...”

“माती उत्तम आहे,” काट्यावाल्याने ठोकून दिलं. साडूला जमतं आणि मला जमत नाही असं एका परक्या बाईसमोर कोण कबूल करणार? “जरा भारीतली दाखवा.”

बाईने खांदे उडवले. काट्यावाल्याने निवडून निवडून नऊ रोपं घेतली. तीन जर्बेरा, तीन शेवंती, दोन निशिगंध आणि एक लव्हेंडर. लव्हेंडर म्हणजे साडूने नावसुद्धा ऐकलं नसेल. त्या एका विचाराने तो घरापर्यंत जवळजवळ तरंगत आला.

मग सुरू झालं काम. त्याने अंगणात दोरी ताणली, खुणा केल्या आणि नऊ खड्डे खणले. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. एकही खड्डा बोटभर कमी नाही की जास्त नाही. कुदळ मातीत रुतली की निघायची नाही. दर चार घावांनी काठीने खरवडायची. चिकणमाती त्याने एका कोपऱ्यात रचली आणि खड्ड्यांत विकतची मऊ, काळी, भुसभुशीत माती भरली, खत मिसळून, आणि तीही जुन्या काट्यावर तोलून. पाणी मापाच्या भांड्याने. सकाळी दोन भांडी, संध्याकाळी दोन. वहीत टिपण.

बायको दारात स्टुलावर बसून बघायची. “मी काही धरू का?” तिने पहिल्या दिवशी विचारलं.

“तू बस. तुझ्यासाठीच चाललंय.”

दुसऱ्या दिवशी म्हणाली, “ते तिसरं जरा वाकडं वाटतंय.”

“मोजलंय मी,” तो पाठमोराच म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून तिने विचारणं सोडून दिलं. चार वाजले की हॉर्न वाजायचा आणि ती निघून जायची.

पहिले पंधरा दिवस मात्र, खोटं कशाला बोला, अंगण शोभलं. नऊच्या नऊ रोपं ताठ. जर्बेऱ्याला एक केशरी फूलही आलं. एका सकाळी बायको वॉकर घेऊन दारापासून पाचव्या रोपापर्यंत चालत आली आणि म्हणाली, “छान दिसतंय हो.” काट्यावाल्याने त्या दिवशी स्वतःच्या चहात अर्धा चमचा साखर जास्त घातली. न मापता.

त्याच आठवड्यात साडू आला. अंगणात गेला, उकिडवा बसला, रोपाच्या बुडाशी अंगठा दाबला. काटेवाला चहा करायला आत गेला होता, तो येईपर्यंत साडू दहा मिनिटं तिथे एकटाच.

“खड्ड्याखड्ड्यांनी लावलंत होय?” साडू म्हणाला. “पाणी जरा कमी द्या बुवा.”

“मापून देतो मी,” काटेवाला म्हणाला. मनात म्हणाला, आता कसा जळतोय! आता कशा मिरच्या झोंबल्या! आणि त्या खुशीत त्याने संध्याकाळी प्रत्येक रोपाला एक भांडं जास्त घातलं.

अठराव्या दिवशी शेवंतीची पानं पिवळी पडली. त्याला वाटलं, तहान लागली असेल, पाणी वाढवलं. विसाव्या दिवशी पाऊस आला तो दोन दिवस थांबलाच नाही. चोविसाव्या दिवशी लव्हेंडर काळं पडलं. जर्बेरा माना टाकून बसले. काटेवाला घरात कुणाशी बोलेना. जेवताना मान खाली, ताट पुढे सारलं तर जेवायचं, नाही सारलं तर नाही. बायकोने एकदा म्हटलं, “जाऊ दे हो, झाडंच आहेत.” तर त्याने असं बघितलं तिच्याकडे, की ती उठून आत गेली.

एकोणतिसाव्या दिवशी नववं रोपही गेलं. आणि तिसाव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, “अहो, माळ्यावरची ती निळी बॅग काढून द्या.” चिडून नाही. हळूच म्हणाली. त्यामुळे जास्त लागलं.

बॅग काढून देता देता काट्यावाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दहा मिनिटं! साडू दहा मिनिटं एकटा होता अंगणात! काहीतरी टाकलं असणार. मीठ, नाहीतर साबणाचं पाणी, नाहीतर गाडीचं तेल! तसाच तो अंगणात गेला, एक जर्बेरा धरून ओढला. रोप मुळासकट अलगद हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत, आणि वास असा की नाक धरावं. पुरावा! त्याने एकेक करत नऊच्या नऊ मेलेली रोपं पिशवीत भरली आणि तरातरा साडूकडे निघाला.

साडू मागच्या बाजूला गाडी धूत होता. चारी बाजूंनी कर्दळ फुललेली, लाल आणि पिवळी, माणसाच्या खांद्याएवढी. त्या दृश्यानेच काट्यावाल्याचं उरलंसुरलं भान गेलं.

“काय टाकलंत माझ्या झाडांना?” त्याने पिशवी साडूच्या पायाशी आपटली. “बोला! सगळं तुम्हालाच मिळालं पाहिजे का जन्मभर? सासरचा मान तुम्हाला, कौतुक तुम्हाला, आता माझी बायकोसुद्धा तुमच्याच घरी राहायला येणार, हे तुम्हाला पुरलं नाही? माझी नऊ रोपं बघवली नाहीत तुम्हाला?”

साडूने नळी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तो हसला नाही. खाली बसून त्याने एक रोप उचललं, मुळांचा वास घेतला, मान हलवली आणि आत गेला. परत आला तो एक मोठा बिस्किटांचा डबा घेऊन.

“उघडा,” म्हणाला.

डब्यात प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. रोपवाटिकेत रोपाच्या बुडाशी खोचतात तसल्या, नावं लिहिलेल्या. जर्बेरा. शेवंती. जर्बेरा. निशिगंध. लव्हेंडर.

लव्हेंडर!

“मोजा,” साडू म्हणाला. आणि सवयीचा गुलाम तो, काट्यावाल्याने खरंच मोजल्या. एकेचाळीस.

“ही मी मारलेली,” साडू म्हणाला. “जे आणलं ते मेलं. चिकणमातीत खड्डा केला की ती बादली होते हो. आत मऊ माती भरलीत, पाणी आत गेलं, आता बाहेर कुठून जाणार? मुळं बुडून मरतात. मला कळायला सहा वर्षं गेली. खड्डा करायचाच नाही. माती सगळीकडे थोडी मोकळी करायची, वर पाला नि खत घालून उंचवटा करायचा, आणि त्या उंचवट्यावर लावायचं. आणि त्यातही ह्या मातीला जे सोसतं तेच. ही चौदा झाडं मी कुठे निवडली? बाकीची मेली, ही मेली नाहीत, एवढंच.”

काटेवाला उभ्याउभ्या गार झाला. वहीतली चौदा नावं त्याच्या डोळ्यांपुढे आली. म्हणजे ह्या मातीत जगणारी जेवढी झाडं होती, तेवढी त्याने नीट लिहून काढली होती आणि मग एकेक करून बाजूला टाकली होती. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“एक करा,” साडू आवाज खाली आणून म्हणाला, “ह्या डब्याचं माझ्या मेहुणीला सांगू नका. आमच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांत ती एकटीच माझ्या हातगुणाचं कौतुक करते. आमची ही तर उठताबसता तुमचं नाव घेते. ‘त्यांच्यासारखं एक काम तरी नीट मोजून करा.’ तीस वर्षं ऐकतोय. तुमचं नाव निघालं की माझं डोकं उठतं, खोटं नाही सांगत.”

काट्यावाल्याने पिशवीकडे बघितलं, कर्दळीकडे बघितलं. पुढचं वाक्य बाहेर काढायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात साडूची गाडी पुसूनही झाली.

“थोडे... कर्दळीचे गड्डे द्याल का?”

साडूने कुदळ घेतली आणि कोपऱ्यातला एक अख्खा जुडगा उपटून दिला. मोजून नव्हे.

काटेवाला घरी निघाला तो डाव्या हातात मेलेली रोपं आणि उजव्या हातात मातीने लडबडलेले ते ओबडधोबड गड्डे घेऊन. आणि वाटेत, बघा माणसाचं मन कसं असतं ते, गड्डे मिळाल्याचा आनंद दोन पावलंसुद्धा टिकला नाही. डोक्यात एकच घोळत होतं, एकेचाळीस! हे एवढं जरी बायकोला सांगितलं तरी साडूचा हातगुण धाडकन खाली येईल. तिसावा दिवस आहे, बॅग भरली असेल, आणि हा हुकमी पत्ता आपल्या हातात आहे. कोण अडवतंय? साडूला आपण शब्द थोडाच दिलाय!

निळी बॅग भरून दाराशी ठेवली होती. बायको शेजारी खुर्चीवर बसली होती.

“कुठे गेला होता एवढ्या तावातावाने?”

काट्यावाल्याने तोंड उघडलं. एकेचाळीस जिभेच्या टोकावर आलं. तिथेच थांबलं.

“साडूबुवांकडे,” तो म्हणाला. “कर्दळ मागायला. त्यांचा... हातगुण चांगला आहे.” हे बोलताना त्याचा चेहरा औषध प्यायल्यासारखा झाला, पण बोलला. “माझी मेली सगळी. नऊच्या नऊ. मीच मारली, पाणी पाजून पाजून.”

बायकोने त्याच्या हातातल्या गड्ड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, “डबा दाखवला का भाऊजींनी?”

“तुला माहितेय?”

“अहो, ताई दर वेळी तो डबा काढते! त्या पट्ट्या एकेक हातात घेऊन, हे कसं मेलं, ते कसं मेलं, अशी नक्कल करते की हसून हसून पोट दुखतं. भाऊजींची चाहूल लागली की डबा लपवते, त्यांना वाटतं मला काही माहीतच नाही.”

“मग हातगुण कसला त्याचा?” काटेवाला जवळजवळ ओरडलाच.

“एकेचाळीस मेली तरी तो माणूस बेचाळिसावं आणायला जातो. घरात कुणावर डाफरत नाही. त्याला म्हणते मी हातगुण. तुमचं एक शेवंतीचं पान पिवळं पडलं तर घरात श्वास घ्यायची चोरी. महिनाभर मी स्टुलावर बसून तुमची पाठ बघितली. मी तिकडे फुलं बघायला जात होते असं वाटलं का तुम्हाला?” तिने बॅगेची चेन परत ओढून बघितली. “माझ्याशी कुणीतरी बोलावं म्हणून जात होते हो.”

वजन कमी भरलं तर शिसं कुठे ओतायचं हे काट्यावाल्याला माहीत होतं, इथे कुठे काय ओतायचं ते कळेना. हातातल्या गड्ड्यांतून माती फरशीवर पडत होती आणि त्याने ती बघितलीसुद्धा नाही.

“किती खोल लावायचे असतात ते?” बायकोने विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “तू ये ना. तू सांग.”

तिने बॅगेकडे बघितलं. मग वॉकर पुढे घेतला.

अंगणात काट्यावाल्याने कोपऱ्यातली चिकणमाती ओढून आणली, ढेकळं फोडली, पाला मिसळला आणि खड्डे बुजवून लांबलचक उंचवटा केला. बायको स्टुलावर बसून गड्डे सुटे करत होती, हात कोपरापर्यंत माखलेले. मोजायची पट्टी आणायला तो एकदा उठला, तर तिने चिखलाच्या हाताने त्याचा सदरा धरून खाली बसवलं. “बोटाने बघा.” उंचवटा वाकडा झाला. “वाकडा झालाय,” ती म्हणाली. “होऊ दे,” तो म्हणाला, आणि आपण हे म्हणालो ह्याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्याने रोपवाल्या बाईसमोर कसा रुबाब केला ते तिला सांगितलं, यादीसकट. ती इतकी हसली, इतकी हसली, की स्टुलावरून पडेल म्हणून त्याला तिचा दंड धरावा लागला.

तेवढ्यात चार वाजले. गाडी धक्के खात आली. हॉर्न वाजला. “चला मेहुणीबाई! बॅग कुठाय?”

काट्यावाल्याचा हात मातीत तसाच थांबला. तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्याची छाती नव्हती.

“आज नाही, भाऊजी!” बायकोने अंगणातून हाळी दिली. “उद्याही नाही. इथे काम पडलंय. गाडी लावा आणि ताईला घेऊन तुम्हीच इकडे या!”

काटेवाला एकदम खाली वाकला आणि दाबून झालेल्या गड्ड्यावरची माती परत दाबू लागला, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. साडूने त्याला गड्डे दिले होते, शिकवलं होतं, चारचौघांत होऊ शकली असती ती शोभा झाकली होती. एवढं सगळं असूनही, फाटकाशी उभ्या साडूचा पडलेला चेहरा बघून त्याला जो आनंद झाला, तो काही भल्या माणसाला शोभणारा नव्हता. पण झाला. भरभरून झाला.